कोरणं

दात कोरून पोट भरत नाही
ही म्हण त्सिउरीच्या भाषेत नाही.
असती तरी तिनं मानली नसती :
छत्तीस वर्षं घर त्यावरच चाललं,
दोन मुली, नवऱ्याचं लांबलेलं आजारपण,
कुताईसीच्या चढावरचं पत्र्याचं छप्पर.

नव्वदीत वीज नसायची तेव्हा
पायानं चाक फिरवून ती गिरमिट चालवायची.
कंदील धरायला रुग्णाचाच भाऊ,
आणि फी म्हणून मक्याचं पीठ,
एकदा वारलामनं आणलेली, पाय बांधलेली कोंबडी,
जी दाढ निघेपर्यंत खुर्चीखाली गप्प होती.
वारलाम नव्हता.

आता दवाखान्यात बेसो आहे,
निळी खुर्ची, छताला पडदा, पडद्यावर पोहणारे मासे.
त्सिउरीनं किल्ल्या दिल्या. हत्यारं नाही दिली.
"जुनी आहेत, तुझ्या काय कामाची,"
म्हणाली, आणि फडक्यात गुंडाळून घरी आणली
चोरीच्या चमच्यांसारखी.

ऑगस्टभर ती पीच खाते,
बाठे खिडकीत वाळत घालते.
हाताला सगळं ओळखीचं : दाढेएवढा जिन्नस,
तशाच खाचा, तसाच आत कुठेतरी एक मऊ जीव
जिथवर पोचायचं नसतं.

पहिला आठवडा ती नुसती खाचा साफ करत बसली.
मग एका बाठ्यात होडी निघाली.
मग उघडं दार, ज्यातून मुंगी जाऊ शकेल.
मग काहीतरी, ज्याला नाव नाही,
पण जे तिनं रात्री उशाशी ठेवलं.

कधीकधी टोक सरकतं,
बाठा तडकतो, कडू बदामाचा वास येतो.
खांदे तेवढ्यानं वर जातात,
कान किंकाळीची वाट बघतात.
रिओनीचा आवाज येतो फक्त,
खालच्या पांढऱ्या धोंड्यांवरून.
कोणाला काही झालेलं नाही.
दोन्ही फोडी ती शेगडीत टाकते
आणि नवा बाठा चिमटीत धरून
सवयीनं पुटपुटते,
दुखलं तर हात वर कर.

शेजारचा ओतारी गाल धरून येतो.
"बेसोकडे जा," ती म्हणते, मान वर न करता.
तो जात नाही. टेबलावर वाकतो,
वाटाण्यापेक्षा थोडी मोठी कोंबडी उचलतो,
उजेडाकडे धरून इकडून तिकडून बघतो,
गाल विसरतो.
"कितीला देणार?"
"नाही देणार."
"मग प्रदर्शनात ठेव, तिबिलिसीत भाचा आहे माझा."
"भाच्याला दात आहेत ना नीट? मग झालं."

तो पुन्हा बघतो. त्याला सापडतं.
"अगं, हिला डोळाच नाही एका बाजूला!"

त्सिउरी मांडीवरचा भुसा झटकते.
पूर्वी एक कोपरा राहिला
तर बाई रात्री दार ठोठवायची.

"माहीत आहे," ती म्हणते.
"तिथं आले तेव्हा कंटाळा आला मला.
उठून चहा केला."