आस

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, पहाटे सव्वाचारला
लियाकत सोलकर फोनला विचारतात,
'माझ्या बोटीचं इंजिन सकाळी पांढरा धूर का सोडतं
मेहरबानी करून सांगा'

आले ते कार, ट्रक, शेगड्या,
धुराच्या स्वप्नाचा अर्थ,
आणि वांगं भाजणारी एक बाई.

'एवढ्या बारीक आसाचं टाकलंत
तर कचराच येणार,' तांडेलाचा पोर म्हणाला,
जाळं सांधताना, मान वर न करता.

मग 'माझ्या' काढलं.
'सकाळी' ठेवलं, दुपारी धूर नसतोच.
पितळी पट्टीवरचं मीठ नखाने खरवडून
इंजिनाचा नंबर घातला, एकेक आकडा.
'पांढरा धूर'च्या दोन्ही अंगांना अवतरणचिन्हं,
गळासारखी.
वजा कार. वजा ट्रक.
'मेहरबानी'वर अंगठा जरा अडला,
मग तेही गेलं.

अकरा निकाल.
पहिले दोन फिल्टर विकणारे, ते परत पाण्यात.
सातव्यात कुणी वसईचा:
डिझेलमध्ये पाणी, टाकीचा तळ बघा.
नवव्यातही तेच, निराळ्या तोंडाने.
तेव्हा कुठे त्यांनी पाना उचलला.

तळाशी पेलाभर पाणी होतं.

बोट सुटायच्या आधी
रिकाम्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'मेहरबानी',
आणि शोध दाबला.
साडेतीन कोटी निकाल.
एकही न उघडता
फोन खिशात.