शेळ्या किती?

लक्ष्मीपुरीत जनावरांच्या औषधाच्या दुकानात
चौगुल्यांनी विचारलं, "शेळ्या किती?"
जंताचं औषध मागितलं की हाच प्रश्न येतो.
एकही नाही, म्हटलं.
"मग गाय?"
नाही.
"मग पाजताय कुणाला मालक, बायकोला?"
दुकानातली दोन माणसं हसली. मीही हसलो.
पोवळ्याला, म्हटलं.
चौगुल्यांनी माझ्या काळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं,
गुजरीतला माणूस, भट्टीनं डोकं तापलं असंल,
आणि बाटली पुढं सरकवली.

तीस वर्षं मी मंगळाचं पोवळं बसवतोय अंगठीत.
तासून गोल केलेलं, मेलेलं,
हुंगलं तरी समुद्राचा वास न येणारं.
चार वर्षांपूर्वी पुण्याला भाच्याकडं
पहिल्यांदा जिवंत पाहिलं
आणि तिथंच अडकलो.
आता माडीवर चार फुटी काच आहे,
मीठ पोत्यानं येतं,
समुद्र घाटाखाली, सव्वाशे किलोमीटरवर.

निळी फांदी आधी फिकटली.
मग तिच्यावर टिकल्या उमटल्या,
पांढऱ्या, एका मापाच्या,
जणू कुणी ठसा मारत गेलंय.
मला वाटलं उजेड जास्त होतोय.
मग वाटलं पाणी.
पंधरा दिवस पाण्याला दोष देत बसलो
आणि किडा समोरच होता,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पसरलेला.
ज्याला खायचं त्याचाच रंग पोटात भरून
त्याच्याच अंगावर निजायचं.
कसा दिसणार?

शनिवारी रात्री दुकान बंद करून
एकेक फांदी औषधाच्या पातेल्यात धरतो,
पिचकारीनं झोत मारतो
आणि सुटतात,
जिथं काहीच नव्हतं तिथनं
सदतीस.
तळाशी घड्या पडत, उलगडत.
वत्सला चहा घेऊन आली, डोकावली,
चहा घेऊन परत गेली.

आमच्या गल्लीत पहाटे झारेकरी येतात,
गटारातला गाळ पाटीत घोळून घोळून
आमच्या हातनं सांडलेलं सोनं वेचतात.
मी तसाच बसलेला असतो रात्री दीडला,
पातेल्यातला गाळ घोळत.
सापडलं की वाईट वाटतं.
नाही सापडलं तरी.

अंड्यांना औषध लागत नाही.
फांदी जिथं आधीच मेलीय, तिथं बुडाशी,
तपकिरी, सोनेरी झाक असलेली,
एकाला एक लागून, आमच्या रवाकामासारखी.
कारागिरी म्हणून नाव ठेवायला जागा नाही.
डोळ्याला भिंग लावतो,
ज्या कोरणीनं लोकांच्या बायकांची नावं कोरली
तिनंच खरवडतो.
एखादं राहतंच.

कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेखाली
आता वत्सलाच लिहून ठेवते:
सदतीस. अकरा. चार. शून्य.
शून्याच्या दिवशी तिनं शिरा केला.
पुढच्या शनिवारी, दोन.
शिऱ्याचं कुणी काही बोललं नाही.

आज सकाळी उद्यमनगरातला एक पोरगा आला,
लेथवरचा. लग्न जमत नाही, मंगळ आहे.
अंगठी उलटीपालटी केली.
"पोवळं अस्सल हाय न्हवं?"
अस्सल आहे.
"वळखायचं कसं?"
मी भिंग दिलं त्याच्या हातात.
तो बराच वेळ बघत राहिला.
"हितं एक बारीक भोक दिसतंय ओ."

मी अंगठी परत घेतली
आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना
नको तितका वेळ बघत राहिलो,
त्या लाल, गुळगुळीत, कधीच्या मेलेल्या दाण्यात
कुणी राहून गेलंय का.