उताणं

पहिल्या दिवशी मी शिट्टी वाजवली
आणि अकरांतले चौघे फरशीला चिकटले,
डोक्यावर हात.
तेव्हापासून शिट्टी खणात आहे,
जुन्या पावत्यांखाली.

मंगळवार, शुक्रवार. सकाळी सात.
गोया गाव, पाराना नदीकडच्या क्लबाचा हॉल.
पंखे फिरतात, हवा जागची हलत नाही.
मी ग्वारानीत मोजते, पेतेई, मोकोई, म्बोहापी,
कारण स्पॅनिशमधले आकडे त्यांना
कुणीतरी कानात ओरडून शिकवलेत.

साठी ओलांडलेली ही माणसं.
एकोणिसाव्या वर्षी या उकाड्यातून उचलली
आणि बर्फाळ बेटांवर नेऊन ठेवली,
अंगात पातळ कोट, बुटांत पाणी.
इसाबेलिनो अजून दोन-दोन मोजे घालतो,
जानेवारीच्या चाळीस अंशांतसुद्धा.

पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा, असा एक व्यायाम.
त्याच्या डाव्या पायाला दोनच बोटं.
"बाकीची तिकडेच राहिली," म्हणतो,
"त्यांना परतीचं तिकीट नव्हतं."
आणि सगळ्यांच्या आधी त्याचाच टॉवेल गोळा होतो.

शेवटी मी सांगायचे:
उताणं पडा. हात पसरा. डोळे मिटा.
वहीत तसंच लिहिलं होतं: शिथिलीकरण, पाच मिनिटं.
तो उठला. नाड्या न बांधता निघून गेला.
थर्मास राहिला खिडकीत.

सेफेरिनोने सांगितलं, चटया गोळा करताना,
माझ्याकडे न बघता:
"भुकेपोटी मेंढी मारली होती आम्ही.
आमच्याच साहेबाने चार खुंट्या ठोकल्या,
हात-पाय ताणून बांधलं त्याला. रात्रभर.
वरून भिजकं बर्फ.
शत्रू तर अजून उतरलाही नव्हता, पोरी."
मी तीच चटई तीनदा घडी घातली.

त्यानंतर सगळे भिंतीला पाठ लावून बसतात.
तळवे गुडघ्यांवर, डोळे उघडे, दार उघडं.
तीन आठवड्यांनी तो आला.
कुणी काही विचारलं नाही.
सेफेरिनोने थंडगार तेरेरेचा पेला पुढे केला
आणि नदीतल्या माशांविषयी थापा मारू लागला.

मी काही बरं करत नाही कुणाला.
तो गोळ्या घेतो, बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे जातो.
निल्दा सांगते, अजून तो दाराजवळच्या खुर्चीत झोपतो,
पण आठवड्यातून एखादी रात्र पलंगावर,
आणि त्या रात्री तिलाच झोप लागत नाही.

नोव्हेंबरातला एक शुक्रवार.
सगळे भिंतीशी. तो मात्र हॉलच्या मधोमध
सावकाश, म्हशीने गाळात बसावं तसा, आडवा झाला.
एक गुडघा वर. उजवा हात पोटावर.
डावा सरकत गेला फरशीवरून,
सेफेरिनोच्या बुटापर्यंत. नाडी धरली.
"मोज," म्हणाला.

पेतेई.
मोकोई.
म्बोहापी. इथे माझा आवाज फाटला.
इरुंदी.
पो.
पो म्हणजे पाच. पो म्हणजे हातही.

उठला, चटई झटकली.
"मंगळवारी पाऊस असेल तर येत नाही," म्हणाला.
मंगळवारी लख्ख ऊन होतं. आला नाही.
शुक्रवारी आला, उशिरा,
आणि टॉवेल मागितला.