पसंतीक्रम

शुक्रवारी रात्री बारापर्यंत फॉर्म भरायचा आहे.
तीन चौकटी. पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
कॉलेज सुरू होऊन सेहेचाळीस दिवस झाले;
त्यातले चार गेले साखळीच्या स्टँडवरून टेकडीवर येणारी बस
नक्की किती वाजता सुटते ते शोधण्यात,
नऊ ताळेबंदाच्या दोन बाजू जुळवण्यात.
अजून जुळत नाहीत. सतराशे रुपये कुठेतरी राहतात.

सीनियर ऋजुला म्हणते, आत्ताच ठरव.
उन्हाळ्यातली इंटर्नशिप ऑक्टोबरात ठरते,
इंटर्नशिपवरून नोकरी, नोकरीवरून उरलेलं सगळं.
माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिने बाण काढून दिले.
शेवटच्या बाणापुढे काही नव्हतं,
पान संपलं होतं.

मेल्विनने फायनान्स घेतलं, त्यांचे सूट बरे असतात म्हणून.
तुहिनाने मार्केटिंग, कारण ती बोलते.
तपनला विचारलं तर म्हणाला,
मी आठवीपासून कन्सल्टंट आहे.
मी हसले. तो हसत नव्हता.

सराव मुलाखतीत सर म्हणाले,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
मी म्हटलं, पणजीत.
त्यांनी भूगोल विचारला नव्हता.

बाबा बार्जवर होते. सव्वीस वर्षं.
आमोण्याहून मुरगावला खनिज न्यायचं, रिकामं परत यायचं.
त्यांच्या फॉर्मवर चौकट एकच होती
आणि ती आजोबांनी भरलेली:
खाणीसारखं पक्कं काही नाही, डोंगर काय पळून जातोय?
डोंगर कुठे गेला नाही.
एक कागद आला.
बार्ज अजून धक्क्याला आहे, तिच्या नाकाडावर पिंपळ रुजलाय.
बाबा डिचोलीत एका दुकानात टाइल्सची डिलिव्हरी बघतात
आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
भरती-ओहोटीच्या वेळा पेनाने लिहून ठेवतात.
कशाला, विचारलं तर म्हणतात, आसूं दी.

मेसमागच्या पायऱ्यांवर फोन लागतो. लावला.
‘जेवलें गो?’
जेवले म्हटलं.
मग तीन चौकटी सांगितल्या, प्रत्येकीचा अर्थ सांगितला,
जमेल तेवढ्या मराठीत.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
‘यातलं रात्रपाळीचं कुठलं?’
सगळंच, बाबा.
‘पगार वेळेवर?’
सगळीकडे.
‘आणि मागाहून बदलून देतात?’

हे मी विचारलं नव्हतं.
एकशे ऐंशी जणांत कुणीच विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, भरलेली बार्ज रिव्हर्स टाकली म्हणून थांबत नाही,
आणखी दोनशे मीटर पुढेच जाते.
समोर तेवढं पाणी मोकळं ठेवायचं.
आता तू याला उपमा म्हणशील, ऋजुला.
ते बार्जबद्दलच बोलत होते.
ते नेहमी बार्जबद्दलच बोलतात.

अकरा बावन्नला मी पहिल्या चौकटीत ऑपरेशन्स टाकलं.
बाबांमुळे नाही,
मुलाखतीत मात्र तसंच सांगेन, त्यांना आवडेल.
खरं कारण लहान आहे:
बंदराबाहेर सात जहाजं, धक्के दोन,
कोणाला किती थांबवायचं,
हे गणित सोडवताना आज
मेस बंद झाल्याचं मला कळलं नाही.

दुसरी, तिसरी चौकट डोळे मिटून भरली.
मग ऑफिसला मेल केला:
पसंतीक्रम मागाहून बदलता येतो का?

लगेच उत्तर आलं, आपोआप येणारं.
कार्यालय सोमवारी उघडेल.

सोमवारी साखळीचा बाजार.
बस खालूनच भरून येईल,
हात केला तरी थांबणार नाही.
चालत जाईन.
बिस्किटाचा पुडा बहुतेक बॅगेत आहे.