साडेचार एकर अंजन

तलाठ्याचा मदतनीस, निंबा भदाणेचा धाकटा,
बांधावर उभा राहून म्हणाला,
आजी, पिकाचा फोटो लागतो, जरा पिकात उभ्या राहा.
राहिले.
त्याच्या मोबाईलच्या यादीत कापूस होता, केळी होती,
मका, दादर, अगदी ड्रॅगन फ्रूटसुद्धा.
अंजन नव्हता. धावडा नव्हता. सालई नव्हती.
दोनदा वरखाली केलं त्यानं,
मग दाबलं : पडीक.

पडीक!
वैशाखात सगळा खान्देश करपतो, अनेरचे गोटे तापतात,
तेव्हा हे झाड तांबूस पालवी काढतं.
एका देठाला दोन पानं, चिकटलेली,
भांडून पुन्हा एका ताटात बसलेल्या जावांसारखी.
माझ्या सासऱ्यांनी राखलं हे रान.
चोपड्यापर्यंतच्या बैलगाड्यांचे आख इथून गेले,
लोखंड वाकेल, अंजन वाकत नाही म्हणायचे.
आता गाड्याच नाहीत.
आखाचं झाड उभं आहे, चाक निघून गेलं.

परवाच्या आषाढात वादळ झालं.
कडेचा एक साग आपण होऊन पडला.
तो उचलायला अर्ज,
अर्जाला सातबारा, सातबाऱ्याला नकाशा,
नकाशाला मोजणी, मोजणीला तारीख.
तारीख आली तोवर वाळवीनं काम उरकलं.
वाळवीला परवाना लागत नाही.

चोरालाही नाही.
संक्रांतीच्या आदल्या रात्री कुत्रं भुंकलं, मला वाटलं तरस.
सकाळी दुसऱ्या सागाचा नुसता बुंधा होता,
हात ठेवला तर ओला.
पावरा गार्ड मोटारसायकलवरून आला, पाणी प्याला,
आणि आधी मलाच विचारलं,
मावशी, कुणाला विकला?

धुडकूचं वेगळंच.
त्याचा मका माझ्या बांधाला लागून.
‘मावशी, तुन्हा रानमाईन डुकरे येतस, मन्हा मका खातस.’
येतात. खोटं कसं बोलू?
कपाशी लावली की सावलीत खुरटते म्हणतो, तेही खरं.
एकदा भर दुपारी जाऊन मोजली मी सावली :
तीन ओळी.
त्या तीन ओळींचे पैसे देते त्याला दर दिवाळीला.
तो घेतो, मोजत नाही,
आणि कार्तिकात माझ्या फांद्या तोडतो.

सुरतेहून हेमराजचा फोन येतो रविवारी.
सोलरवाले एकरी भाडं देतात, आई. तीस वर्षं.
आपण काही करायचं नाही,
फक्त साफ करून द्यायचं.

साफ.

मी विचारलं नाही, घाण कसली आहे म्हणून.
पोरगा वाईट नाही. त्याच्या खोलीची खिडकी उघडली
की समोर यंत्रमागाची भिंत.
झाड म्हटलं की त्याला भाड्याची पावती दिसते,
मला तरी दर वेळी झाडच दिसतं असं कुठं आहे?
फाल्गुनात जाळरेषा काढताना
कंबर धरली की मलाही आकडे येतात मनात.
साडेचार गुणिले.
मग दाताळं पुन्हा उचलते,
कारण पलीकडे कुणीतरी पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात
आणि वारा कुणाच्या बाजूनं आहे ते अजून ठरलेलं नसतं.

गेल्या जेठात एकदा रात्री धुडकू आला.
हातात दोरी. काही बोलेना.
दारात उभा, चप्पल काढू की नको असा.
त्याच्या चार बकऱ्या तीन दिवस नुसत्या कागद चघळत होत्या.
मी विळा दिला.
वरच्या फांद्या घे म्हटलं, शेंडा सोड.
पहाटेपर्यंत कोयत्यासारखा चंद्र होता
आणि पाला पडल्याचा आवाज.

असो. पोराला उशीर होत होता.
फोटो दाखवला त्यानं.
मी आहे, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले,
आणि खांद्यामागे काहीतरी हललेलं, करडं, धूसर.
आजी, हे मधे काय आलं? परत काढू?

राहू दे म्हटलं.
तसाच पाठव.