उसनी बॅटरी

बॉनेट उघडताना मी म्हणालो होतो,
फक्त मध्यरात्रीपर्यंत.
त्सिलावू काही बोलला नाही. पाना घेतला,
आधी काळी वायर सोडवली, मग लाल.
ज्याला एवढा क्रम कळतो
त्याला वस्तू द्यायला हरकत नसते.

काटेरी रानात, चिंचेखाली, मातीवर नको म्हणून फळीवर
ठेवली माझी बॅटरी. जुन्या प्यूजोची,
दोन घरांत पाणी कमी,
टर्मिनलवर निळसर पांढरी फुली धरलेली.
ॲम्प्लिफायर म्हणजे काय, तर बिस्किटांच्या डब्यात
कुठल्याशा रेडिओचं काळीज
आणि फांदीला टांगलेला कर्णा.
त्याला पुरतात नऊ व्होल्ट, माझी देते बारा.
वरचे तीन कुठे जातात?
त्याने वायरीत ओवलेले चार काळे मणी दाखवले.
हे खातात, म्हणाला.
मी बोट लावलं. चटका बसला.
खातात खरे.

गाडीतच ठेवून इंजिन चालू ठेवलं असतं तर?
मागच्या मयताला करून पाहिलं, तो म्हणाला,
कर्ण्यातून इंजिनच गातं,
मग मी कशाला बसू?

मयत सुआझाराचं. सुके मासे विकायची.
टपावर तिच्या टोपल्या, आत तिचा वास,
आणि भाडं बावीस वर्षं अर्धं.
उरलेलं पुढच्या खेपेला, म्हणायची,
तोंड दुसरीकडे करून.

सायकलच्या ब्रेकची तार उसवून केलेल्या तारा
त्याने छेडल्या, आणि कर्ण्याने
रानातली सगळी कुत्री उठवली.
इथे मेलेल्याला गुपचूप नेत नाहीत.
बायका धुळीत नाचल्या, सुना, जावया, सावकार,
तीन दिवसांचे जागे, रमने पेटलेले.
मध्यरात्र आली तशी गेली.
मी घड्याळ दाखवायला उठलो होतो,
कुणीतरी हाताला धरून रिंगणात ओढलं.

तीनच्या सुमाराला आवाज बदलला.
जाड झाला, खरखरीत,
घशात वाळू अडकल्यासारखा.
लोकांना तो जास्त आवडला. ओरडले, असाच, असाच!
मला एकट्याला ठाऊक होतं
की हे माझी बॅटरी मरताना बोलते आहे.
पण मीही नाचत होतो.

उजाडलं. पेटी टपावर बांधली,
किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा टक्.
मग तिचे मुलगे, तिचे देणेकरी, त्सिलावू गिटार पाठीला अडकवून,
सगळे मागून लागले.
दुसरा गिअर, क्लच दाबून धरलेला,
वाळूत चाकं रुतत, निघत.
चौथ्या ढकलीला मी क्लच सोडला
आणि प्यूजो खोकली, थरथरली, धरली.
थांबायची सोय नव्हती. एकदा बंद पडली असती
तर पुन्हा कोण ढकलणार, सगळे मागे राहिलेले, धापा टाकत.
म्हणून थडग्यापर्यंतचे सात किलोमीटर
आम्ही दोघंच गेलो, ती वर, मी खाली,
बोनेटखालून अजून रात्रीचीच गुणगुण.

भाडं मी कुणाला मागितलं नाही.
बेतिओकीला पोचल्यावर सीटखाली हात गेला:
डिस्टिल्ड वॉटरची बाटली.
त्सिलावूनेच ठेवली असणार.
अर्धी.