मग?

रूवीत, चौथ्या मजल्यावर,
एसीच्या घरघरीखाली मी तुला शब्द शिकवत होते.
क कमळाचा. ख खटाऱ्याचा.
खिडकीबाहेर भाजक्या विटेच्या रंगाचे डोंगर,
अंगावर एक काडी नाही,
आणि मी विचारायचे, सांग बरं, ग?
ग गवताचा.

अडीच वर्षांची होतीस.
फोनवर सगळ्यांचं एकच : बोलायला लागली का गं जुई?
आत्याने सांगलीहून वेखंड धाडलं, मधातून चाटवायला.
दवाखान्यातल्या मंगळुरी डॉक्टरीणबाई
तुझे कान तपासून म्हणाल्या, कान उत्तम आहेत हिचे.
'हिचे'वर जरा जोर होता.
तेव्हा कळलं नाही मला.

मी बोलतच राहिले.
हे काय? चमचा. हे काय? दिवा.
हा रंग कुठला? भूभू कसा करतो?
दिवसभर तोंडी परीक्षा,
आणि उत्तरं मीच देऊन टाकायचे
तू नापास होऊ नयेस म्हणून.

तू लिफ्टचं बटण दाबून
लाल आकड्याकडे बघत उभी राहायचीस.
लिफ्ट यायची, दार उघडून अरबीत काहीतरी म्हणायची.
तू मान डोलवायचीस, जुन्या शेजारणीसारखी.
लिफ्टने तुला कधी 'हे काय' विचारलं नाही.

बाबा फहूदला, तेलाच्या विहिरींवर.
एकवीस दिवस तिकडे, सात इकडे.
रात्री नऊला त्याचा चेहरा यायचा आणि अडकायचा.
तू म्हणायचीस, "बाबा."
तो तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजलेला.
तू थांबायचीस.
पापणीसुद्धा न हलवता थांबायचीस.
मी नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत फोन खिडकीशी नेत असायचे,
आणि तू तिथेच शिकत होतीस
की बोललेलं पोहोचायला वेळ लागतो,
माणसं हळूहळू हलू लागतात,
मगच ओ देतात.

हे मला समजलं कुंजुमोनच्या बकाल्यात,
एका मंगळवारी. लबन संपलं म्हणून उतरलो होतो.
मी फ्रिजपाशी बाटल्यांवरच्या तारखा वाचत होते
नि काउंटरशी तू काहीतरी बोललीस.
शब्द नव्हते त्यात. चढ होता, उतार होता,
शेवटी चक्क प्रश्नचिन्ह.
कुंजुमोनने नाणी मोजणं सोडलं.
"आणो?" म्हणाला,
आणि गप्प बसला.
तेवढंच केलं त्याने. गप्प बसला, तुझ्याकडे बघत.
तू पुन्हा लांबलचक काही, हात पसरून.
बहुधा लिफ्टबद्दल. किंवा बाबाबद्दल.
मग तो मल्याळममध्ये सुरू झाला, घरचंच असावं काहीतरी,
नारळ, नाहीतर भाडं.
मागे खुबूसची पिशवी घेऊन ताटकळलेला पठाण ड्रायव्हर,
तोही मध्ये बोलला नाही.
पाच मिनिटं चालल्या तुमच्या गप्पा.
कुणाला काही कळलं नाही
आणि कुणाचं काही अडलंही नाही.

मी बाटली धरून उभी. बोटं ओली झाली होती.

त्या रात्री गोष्ट सांगताना मी मध्येच थांबले.
एक होता उंट. त्याला लिफ्टने वर जायचं होतं.
थांबले.
जीभ दातांखाली धरली, खरोखरच धरली,
तिला सवय नव्हती.
एसीचा कॉम्प्रेसर थांबला.
खाली कुठेतरी टँकरचं पाणी टाकीत पडत होतं.
सहापर्यंत मोजलं मनात. सातला धीर सुटणारच होता.

अंधारात तू कूस बदललीस.
"मग?" म्हणालीस.

कमळाच्या तक्त्यावर नाही हा शब्द,
खटाऱ्यात घालूनही कुणी आणला नव्हता.
मीच म्हणत असेन फोनवर, दिवसाला शंभरदा,
आणि पुढचं ऐकत नसेन.

उंटाचं पुढे काय झालं, मला तरी कुठे माहीत होतं!
तूच सांग, म्हटलं,
आणि या खेपेला
पोहोचेपर्यंत थांबले.